दूरसमांतर गुरुत्व-सिद्धांत आणि कृष्ण ऊर्जा : 'समतुल्य' या शब्दाचे एक परीक्षण

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांविषयी लिहावे, हे वाचकांस अनधिकार वाटण्याचा संभव आहे. आणि तो आक्षेप प्रस्तुत लेखकास सर्वस्वी अमान्य आहे असेही नव्हे. म्हणून प्रथम निमित्त सांगणे योग्य होईल. भौतिकशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या मराठी प्रबंधिकेचा मसुदा केवळ परिभाषा तपासण्याकरिता मजकडे आणून दिला. विषय होता दूरसमांतर गुरुत्व-सिद्धांतांतील अदिश क्षेत्रे आणि कृष्ण ऊर्जा. मसुद्याच्या दुसऱ्या प्रकरणात असे विधान होते की, दूरसमांतर सिद्धांत आणि आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत हे समतुल्य, म्हणजे एकच होत. चौथ्या प्रकरणात विधान होते की, तेच अदिश क्षेत्र तशाच रीतीने पहिल्या सिद्धांतात घातले असता जे विश्व निष्पन्न होते ते दुसऱ्यात घातल्याने होत नाही. पहिल्या वाचनात मी दोन्ही पृष्ठांवर बरोबरची खूण करून टाकली. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की, 'एकच' असलेल्या दोन वस्तूंत तीच भर घालून दोन भिन्न वस्तू मिळत असतील, तर 'एकच' हा शब्द तरी चुकीचा आहे किंवा 'तीच भर' हे शब्द तरी.

विद्यार्थ्यास दोष देण्यात अर्थ नव्हता. मूळ निबंध चाळून पाहिले तेव्हा तेथेही 'समतुल्य' हा शब्द अशाच सैलपणाने वावरताना आढळला. भौतिकशास्त्रज्ञांना त्याचा नेमका अर्थ ठाऊक असतो. परंतु तो अर्थ वाक्यात उतरत नाही, आणि मग वाचक त्या शब्दावर त्याला न पेलणारे ओझे लादतो. प्रस्तुत लेख हे त्या एका शब्दाचे परीक्षण आहे. गणिताच्या सिद्धता येथे दिलेल्या नाहीत. त्या मूळ निबंधांत आहेत.

प्रथम दोन्ही सिद्धांतांचा भेद पाहू. १९१५ साली पूर्णत्वास गेलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात गुरुत्वाकर्षण हे अवकाश-कालाच्या वक्रतेचे कार्य मानले आहे. वक्रता म्हणजे काय? एखादा दिशादर्शक बाण स्वतःशी समांतर ठेवीत एका बंद मार्गाने फिरवून मूळ ठिकाणी आणला, तर तो मूळ दिशेहून वळलेला आढळतो. ते वळण म्हणजे वक्रता. दूरसमांतर सिद्धांतात हे वळण शून्य आहे. तेथे समांतरतेची व्याख्याच अशी केली आहे की, कोणत्याही मार्गाने गेले तरी बाण तोच राहावा. मग गुरुत्वाकर्षण जाते कोठे? ते 'पीळ' या दुसऱ्या राशीत जाते.

पिळाचे उदाहरण पृथ्वीच्या पाठीवरच आहे. होकायंत्राने दाखविलेली उत्तर हीच सर्वत्र समांतर दिशा, असे ठरवू. (ध्रुवांवर हा नियम मोडतो, तो प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) या नियमानुसार बाण कोठेही नेला तरी उत्तरेकडे रोखलेला बाण उत्तरेकडेच रोखलेला राहतो, अर्थात् वक्रता शून्य. आता विषुववृत्तावरील एका बिंदूपासून दोन प्रवासी निघाले. पहिला १००० किलोमीटर उत्तरेस गेला आणि तेथून १००० किलोमीटर पूर्वेस. दुसरा आधी १००० किलोमीटर पूर्वेस आणि मग तितकाच उत्तरेस. दोघेही एकाच अक्षांशावर पोहोचतील, पण एकाच ठिकाणी नव्हे. अक्षवृत्ते उत्तरेकडे लहान होत जात असल्याने पहिला प्रवासी दुसऱ्याच्या सुमारे १२ किलोमीटर पूर्वेस असेल. चौकोन मिटत नाही. ही जी फट राहते ती पीळ. पृथ्वीचा गोल तोच आहे. त्याच्या गोलपणाची नोंद पहिल्या पद्धतीत बाणाच्या वळण्यात होते, दुसरीत चौकोनाच्या न मिटण्यात होते. एकाच आशयाची ही दोन व्याकरणे आहेत, असे म्हणण्यास येथवर हरकत नाही.

या दुसऱ्या व्याकरणाचा इतिहास बराच जुना आणि काहीसा करुण आहे. १९२८ च्या जून महिन्यात आइन्स्टाइनने प्रशियन अकादमीपुढे दोन टिपणे ठेवली व त्यांत 'फेर्नपॅरेलेलिस्मुस' म्हणजे दूरसमांतरता ही कल्पना मांडली. त्याचा हेतू गुरुत्वाकर्षण नव्या रीतीने सांगणे हा नव्हता. गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्चुंबकत्व यांचे एकीकरण हा होता. त्याचा हिशेब मोठा मोहक होता. व्यापक सापेक्षतेतील दूरी-प्रदिशाला १० स्वतंत्र घटक असतात. त्याऐवजी प्रत्येक बिंदूशी चार परस्परलंब बाणांचे एक चतुष्टय मूलभूत मानले, तर घटक होतात १६. शिल्लक उरतात ६. आणि विद्युत्चुंबकीय क्षेत्राचे घटकही नेमके ६ असतात. हा मेळ म्हणजे निसर्गाची खूण होय असे आइन्स्टाइनला वाटले. १९२९ च्या प्रारंभी या सिद्धांताची वृत्तपत्रांतून एवढी वार्ता झाली की, लंडनमधील एका मोठ्या दुकानाच्या काचेत त्याच्या निबंधाची सहाही पाने लोकांना वाचण्यासाठी चिकटविली होती, असे एडिंग्टनने त्याला कळविले. परंतु समीकरणे जमेनात आणि १९३१ च्या सुमारास त्याने हा मार्ग सोडला. त्या ६ घटकांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत, आणि तेव्हा त्यांची मुद्रा तितकी प्रसन्न नसेल.

येथे नावांविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. १९२९ च्या मे महिन्यात फ्रेंच गणिती एली कार्तां याने आइन्स्टाइनला पत्र लिहून कळविले की, ही भूमिती आपण पूर्वीच अभ्यासिली आहे. इतकेच नव्हे, तर १९२२ साली पॅरिसमध्ये आदामारच्या घरी आपण ती तुम्हांस सांगितलीही होती. ते स्पष्टीकरण त्या वेळी आपल्याला मुळीच समजले नव्हते, अशी प्रांजळ कबुली आइन्स्टाइनने उत्तरात दिली. पुढे १९३० साली 'माथेमाटिश अनालेन' या नियतकालिकात त्याच्या निबंधासोबत कार्तांचे ऐतिहासिक टिपणही छापले गेले. त्या टिपणात कार्तांचा शब्द होता 'निरपेक्ष समांतरता'. आइन्स्टाइनचा होता 'दूर-समांतरता'. एकाला समांतरता मार्गावर अवलंबून नाही हे महत्त्वाचे वाटले, तर दुसऱ्याला ती दूरवरच्या दोन बिंदूंना लागू पडते हे. पुढील पिढ्यांनी आइन्स्टाइनचा शब्द ठेवला. माझ्या मते कार्तांचा शब्द अधिक नेमका होता. पण तो टिकला असता तर सापेक्षतेच्या एका शाखेच्या मस्तकी 'निरपेक्ष' हे विशेषण बसले असते, आणि ते कोणास रुचले असते असे वाटत नाही.

१९६१ साली म्योलरने गुरुत्वीय ऊर्जेच्या प्रश्नासाठी चतुष्टयाकडे पुन्हा लक्ष वेधले; १९६७ मध्ये हायाशी व नाकानो यांनी आणि पुढे १९७९ मध्ये हायाशी व शिराफुजी यांनी या भूमितीला एकीकरणाच्या स्वप्नातून सोडवून निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या कामास लावले. त्यातून जी गोष्ट स्पष्ट झाली ती आपल्या विषयाचा कणा आहे. पिळापासून एक विशिष्ट अदिश राशी घडविता येते, तिला पीळ-अदिश म्हणू. वक्रतेपासून घडणारा वक्रता-अदिश आणि हा पीळ-अदिश यांच्यात, चिन्हांचा संकेत सोडल्यास, फरक पडतो तो केवळ एका पदाचा. आणि ते पद पूर्ण अपसरण असते. पूर्ण अपसरणाचे संकलन केले की ते क्षेत्राच्या सीमेवर जाऊन बसते. गतीच्या समीकरणांत त्याचा मागमूस उरत नाही. म्हणून लाग्रांजियनमध्ये वक्रता-अदिश ठेवा किंवा पीळ-अदिश ठेवा, समीकरणे तीच येतात. बुधाच्या कक्षेचे सरकणे तेच, प्रकाशाचे वाकणे तेच, गुरुत्वीय तरंग तेच. 'समतुल्य' या शब्दाचा नेमका अर्थ एवढाच आहे : सीमापद टाकून दिल्यावर क्षेत्र-समीकरणे तीच. आणि ज्या ६ घटकांवर आइन्स्टाइनने आशा बांधली होती ते येथे निरुपयोगी ठरतात. चतुष्टय कसेही फिरवले तरी समीकरणांना त्याची जाणीव होत नाही.

भाषेच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचयाची आहे. 'रोग्याने औषध घेतले' आणि 'रोग्याकडून औषध घेतले गेले' ही दोन वाक्ये घ्या. घडलेली घटना एकच. न्यायालयात साक्ष द्यायची झाली तर कोणतेही चालेल. आता दोहोंत एकच 'नाही' मिळवा. 'रोग्याने औषध घेतले नाही' : त्याने नाकारले, किंवा टाळले. 'रोग्याकडून औषध घेतले गेले नाही' : राहून गेले, किंवा त्याला जमले नाही. पहिल्यात इच्छेचा अभाव आहे, दुसऱ्यात शक्तीचा किंवा अवधानाचा. मिळविलेला शब्द तोच, पण निष्पन्न अर्थ दोन. होकारार्थी वाक्यांत जो भेद सुप्त होता तो नकाराने बाहेर काढला. समानार्थकता ही सुट्या वाक्यांत सिद्ध होत नसते. दोन्ही रचना एकाच नव्या शब्दाच्या संगतीत कशा वागतात यावर तिची परीक्षा होते. पाणी आणि जल यांचेही तेच : कोशात दोन्ही एक, पण तोंडाला सुटते ते पाणीच.

गुरुत्व-सिद्धांतांच्या बाबतीत हा 'नवा शब्द' म्हणजे अदिश क्षेत्र. ते आणण्याची गरज का पडली? १९९८ मध्ये दूरच्या अधिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दोन स्वतंत्र संघांनी दाखवून दिले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्वरित होत आहे. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या त्वरणाच्या कारणास 'कृष्ण ऊर्जा' हे नाव पडले, आणि प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार विश्वाच्या एकूण ऊर्जेचा सुमारे ६८ टक्के भाग तिचा आहे. तिची प्रकृती एका संख्येने सांगतात : दाब भागिले ऊर्जा-घनता. हिला अवस्था-गुणांक म्हणू. आइन्स्टाइनचा विश्वस्थिरांक हेच कारण असेल तर हा गुणांक सदैव उणे १. पण ऊर्जा काळानुसार बदलत असेल तर तो वेगळा असू शकेल. आणि तसे बदलणारे सर्वांत साधे साधन म्हणजे अदिश क्षेत्र, म्हणजे प्रत्येक बिंदूशी केवळ एक संख्या जोडणारे, दिशा नसलेले क्षेत्र. वेट्टेरिख आणि राट्रा-पीबल्स यांनी अशी क्षेत्रे १९८८ सालीच सुचविली होती. १९९८ मध्ये कॉल्डवेल, दवे व स्टाइनहार्ट यांनी त्यांस 'क्विंटेसन्स' म्हटले. ग्रीकांचे पाचवे तत्त्व ते हे. आपल्या पंचमहाभूतांतही पाचवे आकाशच आहे, तेव्हा 'पंचमतत्त्व' हा अनुवाद मराठी वाचकाला उपरा वाटू नये.

साध्या पंचमतत्त्वाचा अवस्था-गुणांक उणे १ च्या खाली उतरू शकत नाही. त्याखाली जावयाचे तर क्षेत्राची गतिज ऊर्जा ऋण मानावी लागते. अशा क्षेत्राला 'फँटम' म्हणतात. ऋण ऊर्जेच्या अदिश क्षेत्राची कल्पना मात्र मराठी वाचकाला नवी नाही : हॉयल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात स्थिरस्थिती विश्वासाठी मांडलेले निर्मिती-क्षेत्र याच जातीचे होते, आणि त्या विश्वाचे प्रसरणही त्वरितच होते. स्थिरस्थितीचा सिद्धांत १९६५ नंतर मागे पडला. पण त्या क्षेत्राची चिन्हयोजना तीन-चार दशकांनी निराळ्या नावाने परत आली, हे नारळीकरांच्या निधनानंतर (२०२५) त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करणाऱ्यांनी विसरू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे. अदिश क्षेत्र दूरसमांतर सिद्धांतात घालण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे ते नुसते शेजारी ठेवणे : गुरुत्वाचा लाग्रांजियन, अधिक क्षेत्राची गतिज ऊर्जा, वजा विभव. याला किमान युग्मन म्हणतात. या रीतीत काहीही नवे होत नाही, आणि होऊ शकत नाही. अदिश म्हणजे ज्याला दिशा नाही. ज्याला दिशा नाही त्याला समांतर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून समांतरतेची व्याख्या बदलल्याची त्याला वार्ताही लागत नाही. समीकरणे अक्षरशः जुन्या पंचमतत्त्वाचीच येतात. हे इतके उघड असूनही, या रीतीची प्रतिमाने 'दूरसमांतर' हे विशेषण लावून नवी म्हणून मांडलेली दिसतात. त्यांतील बऱ्याच निबंधांची पद्धत अशी की, विश्वाच्या प्रसरणाचा नियम आधीच हाती धरायचा, मग त्याला जुळेल असे विभव मागे जाऊन शोधायचे, आणि शेवटी प्रसरण निरीक्षणांशी जुळते म्हणून समाधान व्यक्त करायचे. विभव निवडण्याची मोकळीक असली की जवळजवळ कोणतेही अपेक्षित प्रसरण मिळविता येते. तेव्हा जुळणे ही कसोटी राहत नाही. अशा गणिती प्रतिमानांची परंपरा आपल्याकडील विद्यापीठांतही आहे, आणि तीत परिश्रम व कौशल्य पुष्कळ आहे. म्हणूनच हे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्या निबंधांतील 'दूरसमांतर' हा शब्द काढून टाकला तर एकही समीकरण बदलत नाही. जो शब्द काढल्याने काही बिघडत नाही तो शब्द तेथे विशेषण नसून अलंकार आहे.

दुसरी रीत म्हणजे क्षेत्र पीळ-अदिशाशी थेट जोडणे. २०११ मध्ये गेंग, ली, सारिडाकिस व वू यांनी 'टेलिपॅरलल डार्क एनर्जी' या निबंधात हे केले : पीळ-अदिशाला क्षेत्राच्या वर्गाने गुणून ते पद लाग्रांजियनमध्ये घातले. वक्रता-अदिशाशी असे युग्मन करण्याची प्रथा आधीपासून होती. लेखकांनी तीच कृती दुसऱ्या व्याकरणात केली. आणि येथे समतुल्यता कोसळली. कारण साधे आहे. दोन अदिशांतील फरक पूर्ण अपसरण होता तोवर तो सीमेवर जाऊन बसत होता. त्याला क्षेत्राच्या वर्गाने गुणल्यावर तो पूर्ण अपसरण राहत नाही. क्षेत्र सर्वत्र स्थिर असते तर ते संकलन-चिन्हाबाहेर काढता आले असते. पण बदलणे हेच तर त्याचे प्रयोजन! सीमेवर हद्दपार केलेले पद आता क्षेत्राच्या उताराचा हात धरून समीकरणांत परत येते. 'नाही' मिळविल्यावर दोन वाक्यांचे झाले तेच येथे झाले.

परिणाम प्रत्यक्ष मोजता येण्याजोगे आहेत. एकसारख्या प्रसरण पावणाऱ्या विश्वात पीळ-अदिश केवळ हबल गुणांकाच्या वर्गावर अवलंबून असतो. वक्रता-अदिशात त्या वर्गाबरोबर हबल गुणांकाच्या बदलाचा वेगही येतो. म्हणजे वक्रतेशी जोडलेले क्षेत्र प्रसरणाचा वेग आणि त्या वेगातील बदल दोन्ही जाणते, पिळाशी जोडलेले क्षेत्र केवळ पहिला जाणते. त्यामुळे दोन्हींचा इतिहास निराळा होतो. शिवाय वक्रतेच्या बाजूस एक सोय आहे : दूरी-प्रदिशाचे योग्य प्रमाणांतर केले की युग्मन नाहीसे होऊन साध्या सापेक्षतेच्या रूपात प्रतिमान लिहिता येते. पिळाच्या बाजूस तसे केल्यास एक जादा पद शिल्लक राहते आणि तो रस्ता बंद होतो. अनुवाद एका बाजूने शक्य आणि दुसऱ्या बाजूने अशक्य, असा हा प्रकार आहे. २०११ च्या निबंधाचे श्रेय माझ्या मते येथे आहे. दोन व्याकरणे खरोखर दोन आहेत, हे त्याने एका ओळीच्या बदलाने दाखवून दिले.

परंतु निबंधात आणि त्याच्या अनुयायांत ज्या गोष्टीची विशेष वाखाणणी होते ती निराळी. क्षेत्राची गतिज ऊर्जा धन असूनही अवस्था-गुणांक उणे १ ची रेषा ओलांडू शकतो, हा या प्रतिमानाचा मोठा गुण मानला जातो. येथे दोन आक्षेप संभवतात. एक म्हणजे, वक्रतेशी युग्मित क्षेत्रांनाही ही रेषा ओलांडता येते. तेव्हा हा गुण पिळाचा नसून युग्मनाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. एखादी गोष्ट प्रतिमानात शक्य असणे निराळे, आणि प्रतिमानाने ती भाकीत करणे निराळे. 'येऊ शकेल' आणि 'येईल' यांतला भेद मराठीच्या प्राथमिक व्याकरणात शिकवितात.

हा भेद आज केवळ तार्किक राहिलेला नाही. ॲरिझोनातील किट पीक येथील चार मीटर दुर्बिणीवर बसविलेल्या 'डेसी' उपकरणाच्या संघाने २०२४ मध्ये आणि अधिक सामग्रीसह मार्च २०२५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलते या पर्यायास विश्वस्थिरांकापेक्षा अधिक अनुकूलता दिसते. वापरलेल्या अधिनवतारा-संचानुसार तिचे बळ २.८ ते ४.२ प्रमाण-विचलनांचे आहे. शोध जाहीर करण्यास लागणाऱ्या ५ पर्यंत ते पोहोचलेले नाही. पण नेहमीच्या दोन-प्राचली सूत्राने वाचल्यास सामग्री असे सुचविते की, भूतकाळात गुणांक उणे १ च्या खाली होता आणि आता वर आला आहे. म्हणजे रेषा ओलांडली गेली आहे. साहजिकच रेषा ओलांडू शकणारी सर्व प्रतिमाने हे आपलेच यश म्हणून पुढे येतील. त्या गर्दीत पीळ-युग्मित क्षेत्राने आपला वेगळा हक्क सांगावयाचा असेल, तर ज्या ठिकाणी त्याचे भाकीत वक्रता-युग्मित क्षेत्राहून वेगळे पडते ते ठिकाण दाखविले पाहिजे. दीर्घिकांच्या समूहांची वाढ ही तशी जागा होऊ शकेल. तेथे किती काम झाले आहे याची शहानिशा तज्ज्ञांनी करावी; पण पार्श्वभूमीच्या प्रसरणावर थांबणाऱ्या निबंधाने हा दावा करू नये, एवढे म्हणण्यास तज्ज्ञता लागत नाही.

निवडीच्या समर्थनाचा प्रश्न याहूनही मूलभूत आहे. पिळाशीच युग्मन का? 'कारण आपण दूरसमांतर सिद्धांतात आहोत' हे उत्तर पुरे नाही. सुट्या अवस्थेत दोन्ही सिद्धांत समतुल्य असल्याने आपण कोणत्या सिद्धांतात आहोत हे निसर्गाने सांगितलेले नाही. ते आपण युग्मन करून ठरविले. २०१५ मध्ये बाहामोंदे व राइट यांनी क्षेत्र पीळ-अदिशाशी आणि त्या सीमापदाशीही स्वतंत्र गुणांकांनी जोडून दाखविले की, पीळ-युग्मन व वक्रता-युग्मन ही एकाच विस्तृत कुलातील दोन विशेष उदाहरणे आहेत. मला हा निबंध या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण त्यात निवड ही निवड म्हणून दिसते. पूर्वीच्या निबंधांत ती सिद्धांताच्या नावात दडलेली होती.

आणि आता ते ६ घटक. शुद्ध दूरसमांतर सिद्धांतात चतुष्टय फिरविल्याने पीळ-अदिश बदलतो, पण तो बदलही पूर्ण अपसरण असल्याने निरुपद्रवी असतो. युग्मनानंतर तो निरुपद्रवी राहत नाही. पीळ-अदिशाचे फलन घेणाऱ्या भावंड सिद्धांतांतही (बेंगोचेआ व फेरारो, २००९, लिंडर, २०१०) हीच अडचण आहे, स्थानिक लोरेंट्झ सममिती त्यांत राहत नाही, हे ली, सोतिरिऊ व बॅरो यांनी २०११ मध्ये दाखविले. व्यवहारात याचा अर्थ असा की, एकाच विश्वासाठी घेतलेली दोन चतुष्टये निरनिराळी समीकरणे देतात, आणि त्यांतील काही तर नवी प्रतिमाने मुळीच मान्य न करता पुन्हा जुन्या सापेक्षतेवर आणून सोडतात. यावर साहित्यात तोडगा निघाला तो शब्दांचा : 'चांगली' चतुष्टये आणि 'वाईट' चतुष्टये (तामानिनी व ब्योमर, २०१२). गणित त्या निबंधाचे निर्दोष आहे. पण विशेषणे नैतिक आहेत, आणि नैतिक विशेषण भौतिकशास्त्रात आले की समजावे, एखादा नियम सापडावयाचा राहिला आहे. चतुष्टय वाईट का, तर ते इष्ट उत्तर देत नाही म्हणून! पुढे क्रश्शाक व सारिडाकिस (२०१६) यांनी फलन-सिद्धांतांसाठी, आणि होमान, यार्व व उआलिखानोव्हा (२०१८) यांनी अदिश-युग्मित सिद्धांतांसाठी, चतुष्टयाबरोबर एक जोडणी लिहून समीकरणांना सममित रूप दिले. त्यामुळे चांगल्या-वाईटाची भाषा अनावश्यक झाली, हा मोठा लाभ. मात्र प्रश्न सुटला असे म्हणवत नाही. तो चतुष्टयातून जोडणीत हलविला गेला. फलन-सिद्धांतात गतीच्या खऱ्या स्वातंत्र्य-मात्रा किती, यावर अभ्यासकांची बेरीजदेखील जुळलेली नाही : एका विश्लेषणात (ली, म्याव व म्याव, २०११) त्या ५ येतात, दुसऱ्यात (फेरारो व गुसमान, २०१८) ३. साध्या सपाट विश्वातील सूक्ष्म विक्षोभांत तर जादा मात्रा दिसतच नाहीत, आणि ही दिलासा देणारी बाब नव्हे. जी मात्रा सिद्धांतात आहे पण विशिष्ट पार्श्वभूमीवर दिसत नाही, ती त्या पार्श्वभूमीवरील गणनेचा भरवसाच काढून घेते. १९२८ साली जे ६ घटक वरदान वाटले, समतुल्य सिद्धांतात जे निरुपयोगी ठरले, तेच येथे असे दाराशी येऊन बसले आहेत.

परिभाषेचे काम माझ्याकडे होते, त्याविषयी थोडक्यात. 'कृष्ण ऊर्जा' हा शब्द रूढ झाला आहे, तो मी बदलला नाही. पण त्यात एक गोंधळ आहे. कृष्णविवरातील 'कृष्ण' प्रकाश गिळणारे आहे, कृष्णद्रव्यातील 'कृष्ण' प्रकाशाशी संबंध नसलेले, आणि कृष्ण ऊर्जेतील 'कृष्ण' म्हणजे केवळ अज्ञात. इंग्रजीत निदान पहिल्यासाठी वेगळे विशेषण आहे. मराठीत तिन्ही एका रंगात रंगली. 'पीळ' या शब्दावर विद्यार्थ्याचा आक्षेप होता की, त्याने दोरी डोळ्यांपुढे येते; अभियांत्रिकीतील 'परिपीडन' बरे. परिपीडनाने तर सळई डोळ्यांपुढे येते, तीही मोडण्याच्या बेतात असलेली. पीळच ठेवला. चतुष्टयाच्या जर्मन नावाचा अर्थ 'चार पाय' असा आहे, हे कळल्यावर त्याने 'चौरंग' सुचविला. तो मी नाकारला, पण अद्याप मनातून गेलेला नाही.

सुधारित मसुदा गेल्या महिन्यात आला. दुसऱ्या प्रकरणातील 'म्हणजे एकच' हे शब्द गेले आहेत. त्यांच्या जागी 'सीमापद वगळता समान समीकरणे देणारे' असे लांबलचक विशेषण आले आहे. त्याच्या मार्गदर्शकांनी ते लांब आहे म्हणून समासात प्रश्नचिन्ह काढले आहे. चौथ्या प्रकरणाच्या आरंभी एक नवा परिच्छेद आहे. त्यात पिळाशीच युग्मन का केले याला आपल्याजवळ भौतिक कारण नाही, ते एक गृहीत आहे, असे लिहिले आहे. त्या परिच्छेदापुढे मार्गदर्शकांनी विचारले आहे की, असे असेल तर प्रबंधिकेचा उपयोग काय. विद्यार्थी ते पान घेऊन मजकडे आला होता. उत्तर म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक कोष्टक जोडले : तेच विभव, तोच युग्मनांक, एकदा पिळाशी आणि एकदा वक्रतेशी, आणि प्रत्येकापुढे अवस्था-गुणांक कोणत्या काळात किती येतो ते. पहिला स्तंभ त्याने भरला आहे. दुसऱ्याचे गणित चालू आहे.